बोटीआधीचे दोन दिवस

बोट फुकट मिळाली होती, त्यामुळे तिच्याबद्दल घरात कुणाचंच काही म्हणणं नव्हतं. भांडण झालं ते बोटीआधीच्या दोन दिवसांवरून.

आमच्या ह्यांचं हिंगणघाटला कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीची औषधं. एका कंपनीचा माल ठरल्यापेक्षा जास्त विकला म्हणून तिने ह्यांना मुंबईहून निघणाऱ्या क्रूझची सहल दिली, जोडप्याने, तीन रात्रींची. पत्रात लिहिलं होतं, दुपारी बारापर्यंत बंदरावर हजर राहावे, मुंबईत मुक्कामाची सोय ज्याची त्याने करावी. गाड्यांचा भरवसा नाही आणि बोट काही आमच्यासाठी थांबणार नाही, तेव्हा दोन दिवस आधीच पोचायचं ठरलं. इथपर्यंत आमचं एकमत होतं.

"हॉटेलात राहू," मी म्हणाले.

ह्यांनी असं पाहिलं, जणू मी बोटच चालवायला मागितली.

"अवं, डोंबिवलीले ताई असताना लॉजवर काऊन? हक्काचं घर हाय आपलं. लोकं काय म्हणतीन?"

आमच्याकडे लॉजवर दोनच प्रकारचे लोक उतरतात. ज्यांचं कुणी नाही ते, आणि ज्यांना कुणाला कळू द्यायचं नाही ते. नवराबायकोने, तेही सख्खी बहीण त्याच बाजूला राहत असताना, लॉजवर उतरणं म्हणजे भाऊबंदकी झाली असं समजायचं.

माझं म्हणणं साधं होतं. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण हॉटेलच्या खोलीत मी एकदाही झोपले नाही. देवाला गेलो तर भक्तनिवास, लग्नाला गेलो तर मंगल कार्यालयातल्या गाद्या, बाकी सगळीकडे नातेवाईक. नातेवाइकाकडे गेलेला पुरुष पाहुणा असतो आणि बाई म्हणजे जादा हात. बोटीवर आयतं मिळणारच होतं, पण ती बोट कंपनीची. सगळे दुकानदार, त्यांच्या बायका, सकाळी नव्या तणनाशकाची माहिती, संध्याकाळी टाळ्या आणि शाली. ते तीन दिवस ह्यांचे. माझे म्हणावेत असे हे दोनच होते, आणि ते मला कुणाच्या ओट्यापाशी उभं राहून घालवायचे नव्हते.

आता ताईंबद्दल. ह्यांची मोठी बहीण, लग्न होऊन पस्तीस वर्षांपूर्वी डोंबिवलीला गेली. फोनवर अगदी शहरी बोलतात. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही, आणि तिथून उतरवतात ते थेट स्वयंपाकघरात. "वहिनी, तुझ्या हातची पाटवडी म्हणजे काय सांगू!" की झाली पाटवडी. मग शेजारणीला चाखवायला सांबारवडी, म्हणजे आमची कोथिंबीर भरलेली वडी. मग त्यांच्या मिस्टरांसाठी वांग्याचं भरीत, कारण मुंबईच्या वांग्याला चव नसते, ती म्हणे माझ्या हाताने येते. मी बेसन घोटत असते तेव्हा ताई "जरा पाठ टेकते" म्हणून आतल्या खोलीत जातात त्या चहालाच उगवतात. मागच्या खेपेला चार दिवसांत मी मुंबई पाहिली ती एवढीच: त्यांच्या खिडकीतून दिसणारी समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी.

ह्यांनी प्रश्न दुकानात नेला. तिथे खताच्या पोत्यांवर बसून जगातल्या कुठल्याही विषयावर निकाल मिळतो. दोन दिवस हे गुऱ्हाळ चाललं. समुद्रपूरचे एक जुने गिऱ्हाईक तर बोटीबद्दल फारच अधिकाराने बोलत होते. गावाच्या नावात समुद्र आहे, एवढीच त्यांची पात्रता. बायकोला लॉजवर नेऊ नये, असा सर्वांचा ठराव पास झाला. त्यातल्या एकाच्याही बायकोला कुणी विचारलं नव्हतं, हे सांगायला नको.

मग डाळ मध्ये आली. वडनेरच्या आमच्या शेतातली तूर ताईंना दरवर्षी लागते. पाच किलो डाळ, दोन किलो तिखट, वर सांडगे. बोटीवर बाहेरचं खाद्य नेता येत नाही, असं पत्रातच होतं.

"मंग हे पोतडं कुठं ठेवतं? बोटीच्या कप्तानाजवळ?" हे विजयी मुद्रेने म्हणाले. "ताईकडं जाच लागते."

म्हणजे पाच किलो डाळीची सोय व्हावी म्हणून मी दोन दिवस पोळ्या लाटायच्या होत्या. माझं डोकं सणकलं. मी नागपूरला असलेल्या आमच्या मुलीला फोन केला आणि तिने दहा मिनिटांत बंदराजवळच्या हॉटेलात खोली घेऊन टाकली. ह्यांना मी फक्त एक वाक्य पाठ करायला दिलं: "कंपनीनंच हॉटेल दिलं."

दुकानात बसून नको ते औषध गोड बोलून विकणाऱ्या माणसाला बहिणीपुढे एक वाक्य पेलवलं नाही. "कंपनीनं हॉटेल देल्लं," फोनवर म्हणाले, आणि पलीकडून ताईंनी नुसतं "हो का?" म्हटल्याबरोबर, "नाई, म्हंजे, हिचं मन हाय." असा हा आमचा बह्याड, खुळा हरिश्चंद्र.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईंचा फोन थेट मला आला. मी तयारीत होते. एकतीस वर्षांची उत्तरं धार लावून ठेवली होती. आज कानाला खडा, आज ऐकून घ्यायचं नाही.

"वहिनी, खोलीत पलंग किती आहेत?"

"दोन," मी म्हणाले. हा डाव माझ्या लक्षात येईना.

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग बोलल्या त्या डोंबिवलीच्या ताई नव्हत्या.

"मले येता येईन का तिथं? घरात सात माणसं हायेत. सुना सकाळी साताले नोकरीवर जाते, मंग सारं माह्यावरच. तू येतं म्हणून कळलं का मी दिवस मोजतो. तू पाटवडी कराले लागली का मी आत जाऊन पडतो. तेवढीच मले सुटी. आता तू हॉटेलात चालली, मंग माह्यं काय?"

मला राग आला. आधी त्यांचा, कारण माझी सुट्टी खाऊन त्या स्वतःची सुट्टी करत होत्या आणि वर ते सरळ सांगत होत्या. मग माझा मलाच, कारण एकतीस वर्षांत आतल्या खोलीत त्या का पडतात हे मी एकदा डोकावून पाहिलं नव्हतं. दिवाळीला त्या माहेरी येतात तेव्हाही माझ्या पोळ्यांचा हिशेब मी मनात ठेवत आले. आम्ही दोघी एकाच सुट्टीवर टपलेल्या होतो, आणि ज्यांच्यासाठी भाकरी भाजत होतो ते पोत्यांवर बसून ठराव पास करत होते.

"आधार कार्ड घेऊन या," मी म्हणाले. "हॉटेलात मागतात."

मग ह्यांना बेत सांगितला. दोन पलंगांवर दोघी. डाळ, तिखट, सांडगे आणि हे, डोंबिवलीला.

"मी एकटा तिथं काय करू?"

"हक्काचं घर हाय नं?" मी म्हणाले. "लॉजवर राह्यले तर लोकं काय म्हणतीन?"

हॉटेलात ताई एक लहानशी पिशवी घेऊन आल्या. तीत एक साडी, एक टॉवेल आणि फळं कापायला सुरी. सकाळी पाचला दोघी टक्क जाग्या, सवयीने. करायला काही नाही. टेबलावर चहाची किटली दिसताच ताई उठल्या. "बसा," मी म्हणाले, आणि त्या बसल्या. पण हाताने पलंगपोसाच्या सुरकुत्या सारख्या करणं काही थांबेना. खाली नाश्त्याला गेलो तर स्वतःचं खाऊन झाल्यावर टेबलावरच्या बश्या एकात एक ठेवायला लागल्या. मी त्यांचा हात धरला. खरखरीत होता, माझ्यासारखाच.

तेवढ्यात ह्यांचा फोन. मी तो स्पीकर लावून, दोघींना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"अवं, ताईले विचार, कुकरची शिट्टी कुठं राह्यते? तेच वडनेरची डाळ टाकाची होती. भाऊजी अन मी केव्हाचे शोधून राह्यलो. सारं घर पालथं घातलं."

मी ताईंकडे पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि मान हलवली.

"सांगू नोको," त्या हळूच म्हणाल्या. "पस्तीस वर्षं झाले, एकाच जागी ठेवून राह्यली मी. शोधू दे."

फोन बंद करून आम्ही आणखी एकेक चहा मागवला.