सातव्या महिन्यातलं ग्रहण

मला कुणी काळी म्हणालं तर म्हणू दे की. आहेच मी काळी, बेळगावकडच्या उन्हात ऊस तोडणाऱ्यांच्या घरातली. डोकं फिरतं ते त्याच्या पुढचं ऐकून. "तुम्हां घाटावरच्या बायकांची हाडं राठ, तुमकां कित्याक दुखतलां?" लग्न होऊन डिचोलीजवळ मुळगावात आले तेव्हापासून हे ऐकतेय. आधी सासूबाई म्हणायच्या. दिवस गेल्यावर दवाखान्यातली नर्सही तेच म्हणाली, वर हसली. मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

माझी पाठ अठराव्या वर्षापासून दुखते. मणक्याच्या सांध्यांचा आजार आहे, मरेपर्यंत सुटणार नाही. चाललं, फिरलं की जरा सैल होतं, एका जागी बसलं की पाठीचं लाकूड होतं. म्हणून डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं, अर्ध्या तासाच्या वर बसायचं नाही. पोटुशीला चालेल अशी एक गोळीही लिहून दिलेली. तो कागद मी सासूबाईंना वाचून दाखवला. "आमी चार बाळंतपणां काढली, गोळी कसली असता ती बघूक नाय," एवढंच बोलून त्या नारळ खवायला बसल्या.

सातव्या महिन्यात सूर्यग्रहण आलं. सकाळी आठ ते अकरा. पोटुशीनं ग्रहण पाळायचं म्हणजे बंद खोलीत ताठ बसायचं. चिरायचं नाही, वाकायचं नाही, हातपाय दुमडायचे नाहीत, पाणीसुद्धा प्यायचं नाही. मग गोळी कुठली! सासूबाईंनी खिडक्यांना चादरी लावल्या, मला लाकडी खुर्चीत बसवलं आणि आपण दारात पाट मांडून बसल्या.

पहिला अर्धा तास मी गप्प बसले. खोटं कशाला सांगू, मलाही भीती होती. आमच्या गावात एका पोराचा ओठ फाटलेला, त्याच्या आईनं ग्रहणात भाजी चिरली असं सगळे सांगायचे. मी ते ऐकतच मोठी झाले. पोटात बाळ हलत होतं आणि मी त्याच्या ओठांचा विचार करत होते.

नऊ वाजता कंबर पेटली. साडेनऊला मान वळेना. श्वास घेतला की बरगड्यांत सुरी.

"आई, मला उठू द्या. सोसत नाही हो."

"उठू नको गो! पोराचो ओठ फाटलो तर कोण बघतलो?"

"गोळी तरी द्या."

"अकरा वाजल्यावर. घाटावरची तू, इतक्यात मोडतंस काय?"

नवरा बाहेर उभा होता. मी त्याला हाक मारली. तो म्हणाला, "अगं, दीडच तास राहिलाय. आईचं मन मोडू नको." आईचं मन! माझी पाठ मोडली तर चालेल. त्या दिवशी तो माझ्या मनातून उतरला तो उतरलाच. अजून त्याला वाढते, धुते, बोलते, पण ते वाक्य विसरले नाही.

मी उठले. खुर्चीला धरून, रडत, शिव्या देत उठले. सासूबाईंचा पाट ओलांडला, स्वयंपाकघरात गोळी घेतली, तांब्याभर पाणी प्याले आणि अंगणात चालायला लागले. उजेड पिवळट झाला होता. सासूबाई ओरडत होत्या, "ग्रहणात भायर गेली! पोराचा वाटोळा केला गो हिणे!" शेजारच्या दोघी खिडकीची फट करून बघत होत्या. मी पोटाला पदर गुंडाळून फेऱ्या मारत राहिले. चालताना पाठ सुटत गेली, धाकधूक मात्र वाढत गेली.

पुढचे दोन महिने सासूबाई माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला मात्र सांगितलं. बाया माझ्या पोटाकडे बघून हळहळायच्या, जणू आत मेलेलंच आहे कुणीतरी.

मुलगी झाली. काळी, माझ्यासारखी, घसा फोडून रडणारी. सासूबाई बाहेर बाकावर बसून होत्या. त्या येऊन तिला उलटीपालटी करून बघणार, हे मला ठाऊक होतं, आणि काय ऐकवायचं तेही मी ठरवून ठेवलं होतं.

पण नर्सनं पोर माझ्या हातात दिली तेव्हा मी तिचं तोंड बघितलं नाही. आधी ओठ बघितला. मग तोंडात बोट घालून टाळू चाचपली, कान बघितले, बोटं मोजली. सगळं मीच केलं, कुणी सांगितलं नसताना.