ड्रायव्हरभाऊंची उलटतपासणी

आमच्या दवाखान्याच्या ड्रायव्हरभाऊंइतका संशयी माणूस चंद्रपूर-गडचिरोलीच्या अख्ख्या जंगलात दुसरा झाला नसेल. गाडी आपणहून बिघडते यावर त्यांचा विश्वासच नव्हता. गाडी बिचारी निष्पाप, पापं सगळी तिच्यात बसणाऱ्यांची. "गाडी खोटं बोलत नाई बाई, मानसं बोलतेत," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सुनावलं. मी नर्स म्हणून नुकती रुजू झालेले, आणि दार जोरात लावलं एवढाच माझा गुन्हा.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. एटापल्लीच्या पुढे, डांबर संपून बरंच आत गेलं की आमचा लहानसा दवाखाना, आणि त्याची एकुलती एक म्हातारी पेट्रोल व्हॅन. ती अडखळली की दुसऱ्या कोणीही आधी बॉनेट उघडलं असतं. भाऊंचं मात्र नमनालाच घडाभर तेल. ते चपला काढत, सगळ्यांना ओळीनं उभं करत आणि जबान्या घेत. गचका कुठल्या चढावर बसला, आवाज खोकल्यासारखा होता की उचकीसारखा, तेव्हा कोण बोलत होतं? डॉक्टरांचीही सुटका नसे. "तुमी तवा नेमकं काय करून राह्यले होते, साहेब?" साहेब निमूट उत्तर देत, कारण शेवटी भाऊ इंजिनाला लाकडी दांडकं टेकवून, दुसरं टोक कानाशी धरून जिथं बोट ठेवत, दोष तिथंच निघे. मी त्यांच्यावर फार चिडायचे.

त्या पौषात गाडीनं नवंच खूळ काढलं. पहाटे सुरू होई, फर्लांगभर गचके खाई आणि मरे. दुपारी ऊन तापलं की शहाण्यासारखी धावे. भाऊंनी प्लग बदलले, पॉइंट घासले, चार दिवस आमच्या जबान्या घेतल्या. पाचव्या सकाळी डोंगरापलीकडच्या गावाहून निरोप आला. एक पोरगी पहिल्या बाळंतपणात दोन दिवस अडली होती. जाताना गाडी तीनदा मेली, तीनदा उठली. येताना, पोरगी आत कण्हत असताना, दवाखान्यापासून तीन मैलांवर ती मेली ती मेलीच. हँडल मारून मारून भाऊंचे तळहात सोलले. शेवटी पोरीला जवळच्या पाड्यावरून मागून आणलेल्या खाटेवर घालून खांद्यावरून आणलं. पोरगी वाचली. बाळ गेलं.

दुपारी ऊन तापल्यावर गाडी आणली, आणि दुसऱ्या पहाटे गारठ्यातच भाऊंनी अंगणात धोतर अंथरून कार्बोरेटर खोलला. त्याच्या बारीक भोकात तुपासारखा पिवळट गोळा बसला होता. त्यांनी तो बोटावर घेऊन हुंगला आणि तिथंच बसून राहिले. मोहाच्या बियांचं तेल होतं ते, थंडीत गोठणारं. डॉक्टर म्हणाले, "पंपवाल्यानं भेसळ केली असणार." आम्ही माना डोलावल्या. भाऊंनीही डोलावली असती तर विषय मिटला असता.

"पंपवाल्याचं नाव नका घेऊ, साहेब," ते म्हणाले. पंप चाळीस मैलांवर, म्हणून आम्ही पेट्रोल डब्यांत साठवायचो. "त्यातला एक रिकामा डबा म्या घरी नेला होता, बायकोच्या गुडघ्याले तेल आनाले. मंग राखेनं घासून पेट्रोलच्या डब्यांत परत ठेवला. मले वाटलं, राखेनं घासला का साफ होते." आमच्याकडे घरोघरी भांडी राखेनंच घासत. मलाही तेच वाटलं असतं.

त्याच सकाळी ते त्या गावाला पायी निघाले. मी म्हटलं, "भाऊ, कशाला जाता? त्यांना कुठं ठाऊक आहे?"

"म्हनूनच जातो," ते म्हणाले. मला राहवेना, मीही गेले.

पोरीचा सासरा, एक गोंड म्हातारा, अंगणात होता. भाऊंनी उभ्यानंच सगळं सांगितलं, डब्यासकट. म्हाताऱ्यानं खाट पुढे ओढली. मग म्हणाला, "बस. माही बायको अशीच अडली होती. तवा कोनाची गाडीच आली नाई. तुही गाडी आली."

भाऊ खाटेवर बसले नाहीत, खाली जमिनीवर बसले. मग म्हाताराही खाट सोडून त्यांच्याशेजारी टेकला. भाऊंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. आठवण आली की ते दोघं तसेच बसलेले दिसतात, आणि या माणसावर आपण एवढं का चिडायचो, याचं फार वाईट वाटतं.