म्हैसमाळचा मुक्काम

आमचा शेजारी सोमनाथ वाळूजच्या एका कारखान्यात पाळीवर जातो. मूळचा सिल्लोडकडचा, शेतकऱ्याघरचा. खोटं बोलायची वेळ आली की त्याचे कान आधी लाल होतात, त्यामुळे त्या वाटेला तो सहसा जात नाही. हे पोरगं ऐन पौषात बायकोला घेऊन डोंगरावर तंबू ठोकणार, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

हट्ट तनुजाचा, म्हणजे त्याच्या बायकोचा. लग्नाला चार वर्षं झालेली, अजून मूलबाळ नाही, घर दोन खोल्यांचं आणि सासूबाई साळूबाई दिवसभर घरात. नवरा-बायको दोन शब्द बोलणार ते कुकरच्या शिट्टीआड. एके दिवशी ती म्हणाली, "मला दागिना नको, हॉटेल नको. एक रात्र शेकोटीजवळ बसायचंय, कुणी हाक मारणार नाही अशा जागी." सोमनाथने मित्राकडून तंबू मागून आणला. शहागंजातून जाड ब्लँकेट आणलं. भाजायला रताळी घ्यायची, चहासाठी छोटी शेगडी न्यायची, सगळं ठरलं. राहिलं होतं आईला सांगायचं.

आणि तिथंच गाढवाने घोळ घातला. साळूबाई मेथी निवडत होत्या. हा म्हणाला, "आई, शनिवारी म्हैसमाळला एक मुक्काम करून येतो दोघं."

आता यांच्या घरची बोली अशी, की पाहुण्यांकडं जायचं ते वस्तीला. मुक्कामाला जायचं ते फक्त देवाच्या दारी. आणि म्हैसमाळला तर गिरजामाय देवीचं देऊळच आहे. साळूबाईंच्या हातातली जुडी तशीच राहिली. "गिरजामायच्या दारी? लेकरासाठी?"

सोमनाथ म्हणाला, "व्हय."

एवढा एकच शब्द. भांडण टळलं म्हणून तो मनातून सुटला. पण साळूबाई उठल्या, देवासमोर हात जोडले आणि पायातल्या चपला माळ्यावर टाकल्या. घरात पाळणा हलेपर्यंत अनवाणी राहीन, असं त्या देवीला बोलल्या.

थंडी अशी पडलेली की सकाळी फरशीवर पाय टेकवत नव्हता. साळूबाई तशाच गिरणीत जायच्या, तशाच दुधाला. टाचा फुटल्या. मला काहीच ठाऊक नव्हतं, मी गेटपाशी सहज म्हणालो, "सोम्या, आईला चप्पल घेऊन दे की लेका, एवढा पगार घेतोस!" त्याचे कान लाल झाले. मग गच्चीवर येऊन त्याने सगळं ओकलं. म्हणाला, "काका, घास उतरत नाही. तिच्या पायांकडं बघवत नाही." मी चांगला झापला त्याला. बघवत नाही म्हणे! सांगायला तोंड दिलंय ना देवाने?

शुक्रवारी साळूबाईंनी सुनेच्या हातात खण-नारळ ठेवला, देवीच्या ओटीसाठी. सासूच्या अनवाणी पायांचं खरं कारण तनुजाला तेव्हा कळलं. तिने नवऱ्याला स्वयंपाकघरात गाठलं. "तुम्ही सांगता का मी सांगू? असल्या चोरीच्या शेकोटीची ऊब नको मला."

त्याने सांगितलं. साळूबाई पदराचं टोक चोळू लागल्या.

"बायकोसंगं फिरायचं व्हतं, तर देवीला मधी कशाला घातलं रे?"

"तू नाय म्हणली असतीस."

"म्हणले असते," साळूबाई म्हणाल्या. "मग तू भांडायचं व्हतं माझ्यासंगं."

सोमनाथने माळ्यावरून चपला काढून आईच्या पुढ्यात ठेवल्या. साळूबाईंनी त्या पायाने बाजूला सारल्या. "मी देवीला बोललेय, तुला नाय. आता जा तुमी. पोरीनं हौसेनं सगळं बांधलंय, तिचा काय गुन्हा?"

ते गेले. न जाण्याचीही त्याला लाज वाटली असावी. रविवारी दुपारी परतले तेव्हा मी त्यांच्याच ओट्यावर बसलो होतो. तनुजाचा चेहरा खुललेला होता, हे मान्य करायला हवं. याचा मात्र उतरलेला.

साळूबाईंनी पाणी दिलं आणि एवढंच विचारलं, "गिरजामायला गेलतास?"

"नाय. देवळापोतर गेलो, पण आत जायला तोंड नव्हतं."

साळूबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला वाटून गेलं.

"मला दाखवलंस ना तोंड? मग तिला दाखवायला काय झालं?" त्या म्हणाल्या. "पुढच्या शनिवारी मला ने. तुझ्या वतीनं माफी मीच मागते. तुला नाय जमायचं."

सोमनाथने मान हलवली आणि रिकामा तांब्या घेऊन आत गेला.