पूर्वेकडचं वजन

नेरूळच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला लागून, एक लोखंडी खांब होता. पावणे एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमधून तो मी करून आणला होता आणि त्यावर माझी दुर्बीण बसत असे. बायको गेली त्या वर्षीच्या हिवाळ्यात मी रोज संध्याकाळी जेवण उरकून तिथे जात होतो. जेवण म्हणजे बहुधा खिचडी, तीही पातेल्यातूनच.

एकच काम पुरं करायचं होतं. मृगातल्या बाणाखाली जो धुरकट तेजोमेघ दिसतो, त्याचा एक धड फोटो. आदल्या हिवाळ्यात आम्ही दोघांनी तो घेतला होता, पण पुसट आला होता. पुढच्या वर्षी कॅमेरा जास्त वेळ उघडा ठेवू, असं तिने ठरवून टाकलं होतं. माघ संपला की दुर्बीण माझ्या जुन्या कॉलेजला द्यायची, असं मी मुलीला कबूल केलं होतं. मी एकटा गच्चीवर जातो हे तिला पुण्यात बसून सहन होत नव्हतं. आणि मलाही जिने चढणं नकोसं झालं होतं.

अशा फोटोसाठी कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवावा लागतो. तेवढ्यात पृथ्वी फिरते, तारा सरकतो, म्हणून एक मोटर दुर्बिणीला त्याच्यामागे फिरवत राहते. मोटरचं काम काही अगदी अचूक नसतं. त्यासाठी मेहुण्याने परदेशातून ऑटोगायडर नावाची एक जुनी डबी आणून दिली होती. ती दर काही सेकंदांनी एका ताऱ्याकडे बघते, तो किती ढळला ते लाल आकड्यात दाखवते आणि मोटरला हळूच ढकलून त्याला जागेवर आणते. ताऱ्याकडे किती वेळ बघायचं, किती जोराने ढकलायचं, किती ढळला तर सोडून द्यायचं, हे आपण ठरवून द्यायचं असतं. बायको जिन्याच्या बाजूला घडीची खुर्ची टाकून विणत बसायची आणि ते आकडे वाचायची. मी पंचांग ऐकावं तसं ऐकत असे. "एक. शून्य. एक. शून्य. अहो, बरं चाललंय."

त्या हिवाळ्यात बरं चालत नव्हतं. आकडा तीनवर जाई, पाचवर जाई, मग उलट्या बाजूला चार. ढकलण्याचा जोर कमी केला तर तारा वाहत जायचा. वाढवला तर झोक्यासारखा या टोकाहून त्या टोकाला. बघण्याचा वेळ वाढवून पाहिला, वायर बदलली, खांबाचे बोल्ट आवळले. दुर्बीण दोन्ही बाजूंनी पुन्हापुन्हा तोलून पाहिली. बोट लावून सोडली की जिथे सोडली तिथेच राहायची. इतकी नेटकी ती पूर्वी कधीच तोललेली नव्हती. खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ, साताऱ्याकडचे, कांदा-बटाटा मार्केटमध्ये गाळा असलेले, जेवणानंतर शतपावलीला वर येत. त्यांनी काही दिवस माझी धडपड पाहिली. मग एकदा म्हणाले, "सर, तारं कुटं पळून जात न्हाईत. तुमीच त्यांच्या मागं लागलाय."

मी हसलो. रिकाम्या खुर्चीकडे पाहून ते पुन्हा शतपावली घालू लागले. ती खुर्ची मी सवयीने मांडत असे.

वाशीच्या लॅबवाल्याकडून रोल धुऊन आला. तारे तांदळाच्या दाण्यांसारखे लांबट. मला शंका आली, आधीचे तरी खरंच गोल होते का, की माझीच समजूत? रविवारी दुपारी कपाटातली जुनी पाकिटं काढून बसलो.

इथे एक सांगायला हवं. नुसत्या आकाशाची फिल्म सगळी काळी दिसते. एक फोटो कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते लॅबवाल्याला कळत नाही, आणि कापताना तो नेमका मधून कापतो. म्हणून त्याने सांगून ठेवलं होतं की प्रत्येक रोलचा पहिला फोटो उजेडात काढा, कशाचाही. तो आम्ही दिवस मावळायच्या आधी बायकोचा काढत असू. ती गेल्यावर मी टाकीचा काढू लागलो.

प्रत्येक पाकिटात सगळ्यात वर तीच होती. दुर्बिणीशेजारी उभी, कंटाळलेली, चहा गार होतोय म्हणून वैतागलेली. मी ते फोटो बाजूला ठेवत खालचे तारे भिंगातून तपासत होतो. तारे गोलच होते. फोटो परत पाकिटात भरताना मला तिची पिशवी दिसली. मग दुसऱ्या फोटोत. मग सगळ्यांत.

दुर्बिणीच्या विरुद्ध बाजूला वजनं अडकवायचा दांडा असतो. मृग पूर्वेकडे असला की दांडाही पूर्वेकडे येतो, तिच्या खुर्चीच्या अगदी वर. गच्ची दवाने ओली होते म्हणून ती आपली निळी कापडी पिशवी त्या दांड्याला लटकवायची. शाल, बॅटरी, लोकर, थर्मास.

गिअरच्या दात्यांमध्ये थोडी फट असतेच. पूर्वेकडे थोडा भार असला की दाते एकमेकांना टेकून राहतात. सगळं तंतोतंत तोललं की दुर्बीण त्या फटीत तरंगते, आणि खाडीवरचा जरासा वारा तिला कुठेही ढकलतो. हे मी पुस्तकात वाचलेलंही होतं. पिशवीशी त्याचा संबंध जोडायचं मात्र कधी सुचलं नव्हतं.

पिशवी स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्यालाच होती. थर्मास सोडला तर आतलं काही मी बाहेर काढलं नाही. चहा केला, थर्मास भरून परत आत ठेवला. वर जाऊन पिशवी दांड्याला अडकवली, डबीची सेटिंग पहिल्यासारखी केली आणि खुर्चीत बसलो. एक. शून्य. शून्य. एक. आकडे मी मोठ्याने वाचतोय हे थोड्या वेळाने लक्षात आलं. फोटो पुरा होईपर्यंत चहा प्यालो नाही. वजन कमी झालं असतं.

तो फोटो तसा साधारणच आहे. खालच्या कोपऱ्यात कारखान्यांच्या दिव्यांचा तांबूस उजेड चढलाय. तारे गोल आहेत आणि मेघाला पंखांसारखे दोन फाटे दिसतात. मुलीला एक प्रत पाठवली.

माघ संपल्यावर कॉलेजचा एक तरुण प्राध्यापक टेम्पो घेऊन आला. दुर्बीण उतरवून झाल्यावर त्याने सेटिंग विचारली, मी सांगितली, त्याने लिहून घेतली. मग म्हटलं, मृग पूर्वेला असताना दांड्याला थोडं जास्तीचं वजन लावा.

"किती लावायचं, सर?"

"एक शाल, एक बॅटरी, थोडी लोकर आणि थर्मासभर चहा."

मी थट्टा करतोय असं वाटून तो हसला. तेव्हा मी अंदाजे किलोभर म्हणालो, आणि ते त्याने लिहिलं.