हाताला रोग हाय म्हणून सांग

मी मालकाला हात मिळवायला शिकवलं ते उंबऱ्याबाहेर उभं राहून.

भालकीतली करडीच्या तेलाची गिरणी. आत गादीवर मालक, शेजारी मुनीम. मी पायरीच्या खाली. मालकाला सगळे अण्णा म्हणायचे, मीही म्हणायचो. यंत्रं करणाऱ्या एका जर्मन कंपनीचा साहेब गिरणी बघायला येणार होता. त्या यंत्रांची आपल्या भागातली एजन्सी अण्णांना पाहिजे होती. साहेब आल्यावर पहिल्यांदा काय म्हणायचं, हात कसा द्यायचा, हे मी शिकवायचं होतं.

हात मिळवून दाखवायचा तर दुसरा हात लागतो. कुणाचा घेणार? मी माझाच उजवा हात माझ्याच डाव्या हातात धरला आणि हलवून दाखवला. मुनीम हसले. मग अण्णांनी मुनिमांचा हात धरला.

"आसं?"

"थोडं घट्ट धरा अण्णा. आन म्हणा, हाऊ डू यू डू."

अण्णा म्हणाले. नीट जमलं नाही, पुन्हा म्हणाले.

"आन तेनं काय म्हणायचं?"

"तेनंबी तेच. हाऊ डू यू डू."

"आपून म्हणलेलंच?"

"व्हय. दोघांनीबी एकच."

अण्णांनी मुनिमांचा हात सोडला. "मग ल्हान कोण आन मोठं कोण, कळावं कसं?"

भालकीकडच्या आमच्या मेहकर गावात माझा बाप चपला हातात घेऊन वाड्यापुढं जोहार घालायचा. ओसरीवरून "हं" यायचं. कधी तेही नाही. जोहार घातला की समोरून जोहारच आला, असं मी कधी ऐकलं नव्हतं.

इंग्रजी मी सिकंदराबादला शिकलो. मामा तिथं छावणीत घोड्यांकडं कामाला होते, मी त्यांच्याकडं राहून मिशनच्या शाळेत जायचो. पोलीस ॲक्शन झाली, पुढं मामा वारले, मी गावी परतलो. अण्णांकडं मुंबईहून इंग्रजीत कागद यायचे. ते वाचायला आणि उत्तरं लिहायला त्यांनी मला ठेवलं. लिहिलेला कागद मी पायरीवर ठेवायचो, उडू नये म्हणून वर खडा. मी मागं सरलो की मुनीम उचलायचे. याचं कुणाला काही वाटायचं नाही. मलाही वाटायचं नाही.

अण्णा वाईट माणूस म्हणून ओळखले जात नव्हते. रझाकारांच्या धामधुमीत ते बार्शीकडं निघून गेले होते. परत आले ते डोक्यावर खादीची पांढरी टोपी घालून. झेंडावंदनाला चौकात भाषण केलं. आता सगळे भाऊ भाऊ, म्हणाले. मी मागं उभा राहून टाळ्या वाजवल्या होत्या.

साहेब आला. उंच, घामाघूम, डोक्यावर हॅट. त्याचं इंग्रजीही माझ्यासारखंच अडखळत होतं. गिरणीच्या अंगणात सगळे रांगेत उभे. अण्णांनी हात पुढं केला, "हाऊ डू यू डू" बरोबर म्हटलं. साहेबानंही तेच म्हटलं. अण्णांचं तोंड उजळलं.

मग एकेकाची ओळख करून देणं माझं काम. हे मिस्टर अमुक, गिरणीचे मालक. हे मिस्टर तमुक, हिशेब बघतात. हा मिस्त्री. हा वजनकाट्यावरचा माणूस. प्रत्येकाच्या नावाआधी मी मिस्टर लावलं. साहेबानं प्रत्येकाचा हात हातात घेतला. रांग संपली. तो माझ्याकडं वळला.

"अँड यू?"

हात पुढं आलेला. तांबूस, मोठा हात. मी नाव सांगायला तोंड उघडलं. मागून अण्णांचा आवाज आला. हसरा, हलका.

"हात देऊ नको. तेला सांग, तुज्या हाताला रोग हाय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"सांग की. लागट रोग हाय म्हणून सांग."

साहेब वाट बघत होता. मुनीम खाली मातीकडं बघत होते. अण्णांचं गणित मला कळलं. साहेबाचा हात माझ्या हाताला लागला असता, आणि तोच हात त्यांना दिवसभर धरायचा होता.

मी सांगितलं. "आय हॅव अ डिसीज, सर. इन द हँड. प्लीज डू नॉट टच."

स्पष्ट उच्चार केला. शाळेत शिकवला होता तसा.

साहेबानं हात झटकन मागं घेतला. "सॉरी, सॉरी," म्हणाला. माझ्या हाताकडं बघत राहिला. मी हात पाठीमागं घेतले. नाव सांगायचं राहून गेलं. कुणी परत विचारलं नाही.

दिवसभर मी बोलत होतो. तेल किती निघतं, पेंड कुठं जाते, यंत्राला किती जागा लागते. अण्णा बोलायचे, मी इंग्रजी करायचो. साहेब बोलायचा, मी मराठी करायचो. तोंड चालत होतं. दुपारी गिरणीच्या मागं बसून भाकरी खाल्ली. हात धुतले, तेव्हा हाताकडं पाहिलं. काही वाटलं नाही. खरंच काही वाटलं नाही.

घरी मायनं विचारलं, "कसा होता साहेब?"

"चांगला होता."

"तुज्यासंगं बोलला?"

"व्हय."

माय शेजारणीला सांगायला गेली.

साहेब डाक बंगल्यात मुक्कामाला होता. सकाळी निरोप घ्यायला गिरणीत आला. एजन्सीचं ठरलं होतं. जीप अंगणात उभी, आम्ही पुन्हा रांगेत. साहेबानं बॅगेतून एक लहान पत्र्याचा डबा काढला आणि माझ्यासमोर धरला. मलम होतं. हात गरम पाण्यानं धुवायचा, सकाळ-संध्याकाळ लावायचं, बरं होईल, असं समजावून सांगितलं. डबा त्यानं अगदी कडेला, दोन बोटांत धरला होता. माझी बोटं लागू नयेत म्हणून. माणूस दयाळू होता.

अण्णांनी विचारलं, "काय म्हणायलाय साहेब?"

"मलम द्यायलाय."

"घे की मग. थँक्यू म्हण."

असल्या वेळी राग येतो, अंगाची आग होते, असं लोक सांगतात. मला राग आला नाही. मला एवढंच दिसलं की हा डबा घेतला तर रोग माझा होईल. तो घरी न्यावा लागेल. मायला सांगावं लागेल की कशाचा आहे. ती रोज पाणी तापवून देईल.

मी डबा घेतला नाही. इंग्रजीत म्हणालो, साहेब, मला रोग नाही. काल मालकांनी सांगायला लावलं म्हणून मी तसं बोललो. माझ्या जातीला हे लोक शिवत नाहीत. एवढंच आहे.

मग मी माझं नाव सांगितलं. नाव, बापाचं नाव, गावाचं नाव. आणि हात पुढं केला.

"हाऊ डू यू डू."

साहेबानं माझ्या हाताकडं पाहिलं. मग अण्णांकडं पाहिलं. अण्णांना शब्द कळले नव्हते, पण पुढं केलेला हात कळला होता. साहेबानं डबा सावकाश बॅगेत ठेवला. "आय सी," म्हणाला. हॅटला बोट लावलं. मग वळून अण्णांशी हात मिळवला आणि जीपमध्ये बसला.

माझा हात तसाच. जीप फाटकाबाहेर जाईपर्यंत मी तो खाली घेतला नाही.

अण्णा जवळ आले. जवळ म्हणजे नेहमीच्या अंतरावर.

"काय सांगितलास तेला?"

"रोग न्हाई म्हणून सांगितलं."

"कामून?"

"न्हाई म्हणून."

अण्णांनी टोपी सरळ केली. "उद्यापासून येऊ नको."

"येत न्हाई."

मी निघालो. जाताना नमस्कार केला नाही. कुणी हाक मारली नाही.

बातमी माझ्या आधी मेहकरला पोचली. बाप अंगणात उभाच होता.

"जा. पाया पड अण्णाच्या. जोहार घाल, ठेवून घेतील."

"न्हाई घालत."

"मग खाशील काय?"

माय आत चुलीपुढं होती. दुसऱ्या दिवशी बापानं स्वतः चपला हातात घेतल्या आणि भालकीला गेला. माझ्यासाठी जोहार घालून आला. मला ते मुनिमांकडून नंतर कळलं. मी बापाला त्याबद्दल कधी बोललो नाही.

उदगीरच्या रस्त्यावर खडी फोडायचं काम निघालं होतं. मी तिथं गेलो. हाताला फोड आले, फुटले, घट्टे पडले.

त्या साहेबाबद्दल मला आजही काही वाटत नाही. त्यानं हात दिला असता तरी पायरी तिथंच राहिली असती. त्याची बाजू ठरलेली होती. माझी मी त्या सकाळी ठरवली.

कामावर मुकादमानं लांबून हाक मारली, "ए, कुणाचा रे तू?"

मी हातोडा खाली ठेवला. उठून त्याच्यापुढं गेलो आणि पूर्ण नाव सांगितलं. तो हसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा "ए" म्हणाला. मी वळून पाहिलं नाही. बाकीचे म्हणाले, काढून टाकील.

टाकू दे. नावानं हाक येईपर्यंत मी वळणार नाही.