उचलून नेता येईल असं कॅबिनेट

त्या दिवसांत मी एक कॅबिनेट निवडत होते आणि ते काही केल्या निवडून होत नव्हतं. कॅबिनेट म्हणजे कॉम्प्युटरचं पत्र्याचं खोकं, ज्याच्या पोटात बाकी सगळं बसतं. पोटात काय घालायचं ते मी एका दुपारी ठरवून मोकळी झाले होते. बिल्डरांच्या अजून न बांधलेल्या इमारतींची चित्रं करायची हा माझा धंदा. बाल्कनीत कोवळं ऊन, लिफ्टपाशी हसणारं कुटुंब, आणि पुण्यात कुठेच नसते इतकी मोकळी पार्किंगची जागा. असं एकेक चित्र मशीनमधून बाहेर पडायला तासचे तास लागतात आणि तोवर मशीन चांगलंच तापतं. लॅपटॉपवर करून पाहिलं होतं. तो बिचारा धापा टाकतो आणि मध्येच बंद पडतो.

माझं मोठं मशीन वारज्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये होतं. गुडघ्याएवढं उंच, आणि हलवायचं म्हटलं की नवऱ्याची पाठ दुखायला लागायची. दुसरं अख्खं मशीन परवडणारं नव्हतं, म्हणून यातलंच सामान नव्या कॅबिनेटात हलवायचं होतं. आई शनिवार पेठेत, बाबा गेल्यापासून एकटी. उन्हाळ्यात तिला स्वयंपाकघरात चक्कर आली, ओट्याची कड कपाळाला लागली आणि डॉक्टर म्हणाले, "यांना एकटं ठेवू नका." मला वाटलं, ठेवायला ती काय लोणच्याची बरणी आहे? पण डॉक्टरांचं चुकीचं नव्हतं. वारज्याला चल म्हटलं की आई म्हणायची, "म्हातारपणी मी गावाबाहेर येऊन राहू?" वारजं पुण्यातच आहे हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता. तिचं पुणं लकडी पुलापाशी संपतं.

मग माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. अर्धा आठवडा इकडे, अर्धा तिकडे. आईकडे असले की काम अडायचं आणि बिल्डरच्या ऑफिसातून फोन यायचे. वारज्याला असले की काम व्हायचं, पण दर तासाला मीच आईला फोन करायचे. तिने उचलायला उशीर केला की माझ्या डोळ्यांपुढे तो ओटा यायचा. ती म्हणायची, "अगं, संडासला गेले होते. तिथेही फोन नेऊ का?"

मी कुठे राहायचं, हा खरा प्रश्न होता. तो कोणीच तोंडाने काढत नव्हतं. नवरा नाही, आई नाही, मी तर नाहीच नाही. म्हणून सगळं त्या खोक्यावर येऊन अडलं होतं. मोठं, दणकट, भरपूर पंख्यांचं कॅबिनेट घेतलं तर ते जिथे बसेल तिथे मीही बसणार. आईकडे बसलं की मी आईकडे, आणि वारज्याचं घर शनिवार-रविवारपुरतं. हँडलचं छोटं घेतलं तर ही ये-जा कायमची, स्कूटरवर पायांपाशी खोकं धरून, कोण जाणे किती वर्षं. दोन्हींतलं काहीच मला नको होतं. मग मी रोज नवी कॅबिनेटं बघत बसायचे.

छोट्या कॅबिनेटांचं एक वेगळंच जग आहे. तिथली माणसं कॅबिनेट लिटरमध्ये मोजतात. कोणी दहा लिटरमध्ये अख्खं मशीन बसवून दाखवतो, लगेच दुसरा म्हणतो, मी नऊमध्ये बसवलं. कुठे चित्रं करणारं ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डच्या पाठीला पाठ लावून बसतं आणि दोघांना जोडणारी एक चपटी केबल असते. कुठे सगळं उभं रचलेलं, गरम हवा वरून बाहेर. जाळी असेल तर वारा खेळतो पण धूळ जाते, काच असेल तर दिसतं छान पण आतलं भाजून निघतं. माझं कार्ड लांब आणि जाड. ते एकात लांबीला बसायचं आणि जाडीला अडायचं, दुसऱ्यात त्याच्या उलट. वाचून वाचून माझं डोकं भणभणायचं. दोनदा ऑर्डर टाकली आणि दोन्ही वेळा चहा होईपर्यंत रद्द केली.

लिटरचं आईला सांगितलं तेव्हा तिने भाजी निवडता निवडता मान वर केली. "लिटर? मग सरळ पातेल्यातच ठेव की. झाकण आहे आपल्याकडे."

तपकीर गल्लीजवळच्या एका दुकानातही जाऊन आले. तिथे दोन छोटी कॅबिनेटं मांडलेली होती. मी एकेक फिरवून, उलटं करून, आत बोटं घालून बघत होते. दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. "मॅडम, घ्यायचंय की ओळख करून घ्यायचीय?" मी म्हटलं, ओळखच करून घ्यायचीय. "मग एक-एकाशी करा, दुसरं खाली ठेवा." मी दोन्ही खाली ठेवली आणि तरातरा बाहेर आले. बाहेर आल्यावर राग त्याच्यावर होता की माझ्यावर, तेच कळेना. परत आत जायला तोंड नव्हतं.

नवरा तसा शांत माणूस आहे. त्याची ती शांतता त्या दिवसांत मला अजिबात सोसत नव्हती. "घे ना कुठलंही," तो म्हणाला. "मला हो म्हणायला एवढा वेळ लावला नव्हतास."

"तेव्हा इतका विचार करायला हवा होता," मी म्हटलं. तो हसला आणि पेपर वाचायला लागला. मला त्याने भांडायला हवं होतं. तू तिकडेच राहा, असं तरी म्हणायला हवं होतं, नाहीतर तू तिकडे राहू नकोस असं तरी.

शेवटी मी पुठ्ठा घेतला. वाण्याकडून बिस्किटांची रिकामी खोकी आणली आणि तीन कॅबिनेटं मापात कापून, चिकटपट्टी लावून तयार केली. एक बुटक्या पेटीसारखं, एक उभं, आणि एक मधलं, ज्याला वर हँडल होतं. मधल्याचं हँडलही मी पुठ्ठ्याचं लावलं. मला डोळ्यांनी बघायचं होतं, कुठलं किती जागा खातंय. ती तिन्ही स्कूटरवरून आईकडे नेली.

आईकडे जागा एकच, खिडकीजवळचं बाबांचं टेबल. त्यावर आईचा रेडिओ असतो. सकाळी उठल्याबरोबर ती तो लावते आणि जेवणं होईपर्यंत तो चालूच असतो. आईच्या घरातल्या प्रत्येक वस्तूला असतो तसा त्यालाही तिने शिवलेला झगा आहे. मिक्सरला, फ्रिजला, फ्रिजच्या हँडलला, पाण्याच्या फिल्टरला, सगळ्यांना तिने फुलाफुलांच्या कापडाचे झगे शिवलेत. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत असतो आणि ती पिशवी बदलतात, रिमोट नाही.

मी काही बोलायच्या आत आईने रेडिओ उचलला आणि फ्रिजवर नेऊन ठेवला. "ठेव तुझी खोकी," म्हणाली.

मी आळीपाळीने एकेक ठेवून बघितलं. खिडकी उघडी, खिडकी बंद. लांब उभी राहून, खुर्चीत बसून. आई पलंगावरून माझा हा खेळ बघत होती. "त्यात मशीन नाहीये अजून, माहितेय ना?" एवढंच तिने विचारलं. काही न ठरवता मी खोकी तिथेच ठेवून वारज्याला गेले. पुढच्या वेळी आले तेव्हा बुटक्या पेटीत लसूण होता. उभ्यात छत्र्या होत्या. आणि मधलं, हँडलचं, कुठेच नव्हतं.

माझं डोकंच फिरलं. अख्खा आठवडा मी मनाशी घोळवत होते की त्यातल्या त्यात ते मधलंच बरं, आज पुन्हा ठेवून बघू आणि एकदाचं ठरवू. "कचऱ्यात टाकलंस ना?" मी ओरडले. "आई, दोन मिनिटं एखादी वस्तू जागेवर राहू देत नाहीस!"

"टाकलं नाहीये. माझ्याकडे आहे. काम आहे त्याचं."

"काय काम आहे?"

"झालं की सांगेन. ओरडू नकोस, खाली ऐकू जातं."

नंतर आतल्या खोलीतून शिलाई मशीनचा आवाज यायला लागला आणि मला उमगलं. झगा! अजून घेतलंही नाही त्या कॉम्प्युटरला आई झगा शिवत होती. म्हणजे तिच्या मनाने मशीन त्या टेबलावर बसलं होतं, आणि मशीनबरोबर मीही. आईचं चुकत होतं असं नाही. पण मला विचारलं नव्हतं कोणी. मी घरभर फेऱ्या मारायला लागले. गॅलरीत गेले, परत आले, पाणी प्यायले, परत गॅलरीत. खाली माझी स्कूटर उभी होती. क्षणभर वाटलं, सरळ जिना उतरावा आणि निघून जावं. त्या विचाराची लाज वाटली आणि लाजेचाही राग आला.

आवाज थांबला तशी मी तिच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. तिच्या मांडीवर फ्रिजच्याच झग्याचं उरलेलं फुलाफुलांचं कापड होतं आणि आतून पुठ्ठ्याचा कोपरा दिसत होता. मी सुरूच झाले. आई, या मशीनला कव्हर घालता येत नाही. हे मिक्सरसारखं नसतं. याला खालून हवा लागते, बाजूने लागते, वरून गरम हवा बाहेर पडावी लागते. तू झगा घालशील, मी काम लावून बाजारात जाईन, आणि परत येईन तोवर आतलं सगळं भाजलेलं असेल. छोट्या खोक्यात आधीच जीव गुदमरतो, त्यात आणि तू... मी बरंच काही बोलले. इतकं बोलून झाल्यावरही कापडाचा आणि हवेचा विषय संपत नव्हता, कारण मी हवेबद्दल बोलतच नव्हते.

आईने दोरा दाताने तोडला. "झालं तुझं?"

"झालं."

"कव्हर नाहीये हे. पिशवी आहे."

तिने ती उलटी करून माझ्यापुढे धरली. आत जुन्या गोधडीचे दोन थर घालून टिपा मारल्या होत्या, म्हणजे खड्ड्यातून स्कूटर गेली तरी आतल्याला दणका बसू नये. बाजूला वायरींसाठी खिसा होता. वर दोन रुंद पट्टे, आणि मधोमध एक चीर ठेवलेली, कॅबिनेटचं हँडल वर यावं म्हणून. पट्टे तिने दुहेरी शिवले होते.

"हेच का घेतलंस मापाला?" मी विचारलं.

"मागच्या वेळी तू आंघोळीला होतीस तेव्हा तिन्ही घेऊन खाली गेले होते. तुझ्या स्कूटरवर पाय ठेवायच्या जागेत हे एकच नीट मावतं. बुटकं बाहेर येतं आणि उभं डुगडुगतं."

तिने जिना उतरायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यावरून तिला बोलायला मी तोंड उघडलं, पण तिने मला बोलू दिलं नाही.

"हे बघ," ती म्हणाली, "तुला इथे राहायचं असेल तर राहा. घर तुझंच आहे. पण मशीन उचलत नाही म्हणून राहू नकोस."

मी पलंगावर बसले आणि रडले. चांगली रडले, नाक शिंकरत. आईने मला जवळबिवळ घेतलं नाही, ती तशी नाही. तिने पिशवी घडी करून माझ्या शेजारी ठेवली आणि म्हणाली, "लसूण काढून घेते मग त्या दुसऱ्यातला. की राहू दे?"

कॅबिनेट मी त्याच दुकानातून घेतलं, हँडलचं. दुकानदाराने मला ओळखलं. "झाली का ओळख?" म्हणाला. मी झाली म्हटलं. कार्ड त्यात जेमतेम बसलं. पॅनेल लावताना मला श्वास रोखून धरावा लागला. काम लावलं की त्याच्या जाळीतून इतकी गरम हवा येते की थंडीत आई धुतलेले मोजे त्याच्या मागच्या खिडकीच्या दांडीवर वाळत घालते. मी सांगून थकले.

ये-जा चालूच आहे. माझी घालमेल गेली असं मी म्हणणार नाही. वारज्याला असले की अजूनही दर तासाला हात फोनकडे जातो. नवऱ्याने एकदा पिशवी उचलून दिली, तिच्यावरची फुलं बघितली आणि जिन्यापर्यंत स्वतः घेऊन आला. आता दर वेळी तोच आणतो.

निघताना मशीन पिशवीत घातलं की आई बाबांचं टेबल ओल्या फडक्याने पुसते. त्यावर विणलेला रुमाल पसरते आणि त्या रुमालावर काहीही ठेवत नाही. रेडिओ अजून फ्रिजवरच आहे. तिथे तो दिवसभर खरखरतो, बातम्या नीट ऐकू येत नाहीत. परत टेबलावर ठेव ना, असं मी दोन-तीनदा म्हटलं. ती म्हणते, "असू दे. बरा आहे तिथे."