सुतकाच्या घरातली पाहणी

पुण्यात माझ्याकडे विमा सर्व्हेअरचं लायसन्स होतं. कुठे आग लागली, पाणी शिरलं, की जाऊन नुकसान किती झालं ते ठरवायचं, हे माझं काम. कितीतरी गोडाऊनं आणि बेसमेंट तुडवली होती मी. पण शिकायला म्हणून डब्लिनला आले, इथेच राहायचं ठरवलं, आणि कळलं की त्या लायसन्सला इथे काडीची किंमत नाही. सगळं पहिल्यापासून. परीक्षा द्या, आणि वर एका वरिष्ठाच्या हाताखाली उमेदवारी करा. ती संपली की त्याने सही करायची, ही बाई स्वतःच्या नावाने रिपोर्ट द्यायला लायक आहे म्हणून. तोवर अंगावर एकही तक्रार नको. सही नाही तर नोकरी नाही, नोकरी नाही तर व्हिसा नाही. मग भरा बॅगा.

शेवटचा पेपर पास झाले तेव्हा आईला फोन केला. ती म्हणाली, "पुन्हा पास झालीस? अगं, हे तर तू कधीच पास होतीस ना?" आता काय बोलणार! दुसऱ्या कुणाला सांगावं तर माणूस नाही. डब्लिनच्या कडेला ल्यूकनमध्ये एका घरातली सगळ्यात लहान खोली माझी होती. बाकीच्या खोल्यांत दोघी नर्स राहायच्या, त्यांच्या ड्यूट्या अशा की आमची गाठ फक्त फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांमधून पडायची. 'दूध तुझं संपवलं, सॉरी.' ऑफिसातले लोक चांगले होते, पण तिथे सगळंच ग्रँड असायचं, म्हणजे त्यांच्या भाषेत ठीक, छान. हवा ग्रँड, वीकेंड ग्रँड, मीही ग्रँड. रविवारी संध्याकाळी लक्षात यायचं की शुक्रवारपासून तोंडातून शब्द निघालेला नाही, बसमधून उतरताना ड्रायव्हरला म्हटलेलं थँक यू तेवढं सोडून. फार एकटं वाटायचं. हे आईला सांगितलं असतं तर तिने त्याच दिवशी परत बोलावलं असतं, म्हणून सांगत नव्हते.

२०१८च्या मार्चमध्ये जोरदार बर्फ पडला. दुकानांतला ब्रेड संपला, बस बंद झाल्या, आणि बर्फ वितळल्यावर घराघरांतले फुटलेले पाइप गळायला लागले. क्लेम इतके आले की साहेबांनी, म्हणजे ज्यांची सही हवी त्या वरिष्ठांनी, मला एकटीला पाठवायला सुरुवात केली. (तिथे सगळे साहेबांना नावाने हाक मारत, मीही मारायचे, पण मनातल्या मनात ते साहेबच.) त्यातला एक क्लेम किलकेनीच्या बाहेरच्या एका घरातला होता. माळ्यावरची टाकी फुटून बेडरूमचं छत खाली आलं होतं.

दार उघडलं ते सत्तरीच्या पुढच्या एका गृहस्थांनी. स्वेटर, आतून शर्टाचं वरचं बटण लावलेलं. मी त्यांना मनातल्या मनात काका म्हणायला लागले, सवयच ती. काका मला घरभर घेऊन फिरले. छताखाली पलंग होता, त्यावर ओलं प्लास्टर पडलेलं. मी फोटो काढले, भिंतींना मीटर लावून ओल मोजली. मग स्वयंपाकघरात आलो तर शेल्फावर एका बाईंचा फोटो, पुढे मेणबत्ती. "मिसेस," काका म्हणाले. "बर्फाच्या आदल्या आठवड्यात."

मी हिशोब केला. तेरा दिवससुद्धा झाले नव्हते.

टेबलावर चहाची तयारी होती. चांगले कप, बशा, कापून ठेवलेला केक. काका म्हणाले, बस. आता आपल्याकडे सुतकाच्या घरी कुणी चहा घेतं का? मी नको म्हटलं. त्यांनी आग्रह केला, मी हात जोडल्यासारखं करून नको म्हटलं. त्यांनी परत आग्रह केला, मी परत नको. दोन मिनिटं खाली मान घालून बसले, जसं अशा घरी बसतात. मग उठले आणि काही न बोलता निघाले. अशा घरातून निघताना येते म्हणायचं नाही, हे मला लहानपणापासून माहीत. असं घर सोडताना कुणाचा निरोप घेत नाहीत, मागे वळून बघत नाहीत. आईच्या शिकवणीला जागले, असं वाटून गाडीत बसले. रिपोर्टमध्ये त्यांचं सगळं नुकसान मान्य करा म्हणून लिहिलं, पलंगाच्या गादीसकट.

आठवड्याभरात काकांची तक्रार आली. बाई घाईघाईने आली, माझ्या घरातल्या पाण्यालाही शिवली नाही, बायको गेल्याचं कळूनही एक शब्द बोलली नाही, हातसुद्धा न मिळवता निघून गेली. माझ्या घराला रोग झाल्यासारखी वागली.

माझं डोकंच फिरलं. अरे, त्या सबंध गावात रीत पाळणारी मी एकटी असेन! साहेब म्हणाले, दोन ओळींची माफी लिहून टाक. मी म्हटलं, "माफी कसली? मी त्यांच्या बायकोचा मान ठेवला." आणि मग त्यांच्या केबिनमध्ये उभं राहून, आवाज चढवून, मी त्यांना सुतक समजावून सांगितलं. ऐकताना साहेबांची पेन्सिल हातातच राहिली. आमच्याकडे लोक उलट करतात, ते म्हणाले. घरात शिरतात, हात धरतात, वाईट झालं म्हणतात आणि किटली रिकामी होईपर्यंत उठत नाहीत. मी खुर्चीवर बसलेच. सहीला महिना उरला होता आणि तक्रार उघडी होती. रात्री झोप लागेना. बॅगेत काय भरायचं आणि काय टाकून द्यायचं, इथवर विचार गेले.

भिंती वाळल्या का ते बघायला जायचं होतंच. साहेब स्वतः बरोबर आले.

ह्या वेळी मी आत गेल्या गेल्या काकांचा हात हातात घेतला. मग सांगून टाकलं, की आमच्यात असं असतं, दुःखाच्या घराला आपल्या खाण्यापिण्याचा त्रास देत नाहीत, आणि गुपचूप निघतात.

"म्हणजे तू सभ्यपणे वागत होतीस?" काकांनी विचारलं.

"खूपच," मी म्हटलं.

ते जे हसायला लागले! डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मग आम्ही तिघांनी चहा घेतला, केक खाल्ला. काका सांगत होते, मुलगा ऑस्ट्रेलियात असतो, अंत्यविधी झाल्यावर परत गेला, त्याला सुट्टी नव्हती. तेव्हा घर माणसांनी भरलं होतं, मग बर्फ पडला आणि जो तो आपापल्या घरी अडकला. "त्यानंतर ह्या टेबलाशी बसलेली तू पहिली," ते म्हणाले. "केक तुझ्यासाठी आणला होता."

साहेबांनी तक्रार मागे घेण्याचा कागद पुढे केला. काकांनी चष्मा लावून तो वाचला आणि परत सरकवला.

"हे केलं की फाईल बंद?"

"हो."

"मग राहू दे."

साहेब म्हणाले, "पण तुमचा राग तर गेला ना?"

"राग कधीच गेला," काका म्हणाले. "पण फाईल उघडी असली की कुणीतरी फोन करतं. परवा तुमच्या ऑफिसातली एक मुलगी किती वेळ बोलली. आज तुम्ही दोघं आलात."

मग साहेबांनी शांतपणे सांगितलं, की तक्रार उघडी राहिली तर ह्या मुलीचं लायसन्स अडकतं, आणि तिला परत जावं लागेल. काकांचा चेहरा लालबुंद झाला. "मग हे आधी सांगायचं ना!" म्हणत त्यांनी पेन ओढून घेतलं आणि सही केली. वर मलाच सॉरी म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग त्यांनी विचारलं, "आता कुणाला यायची गरज नाही तर?"

"काही गरज नाही," साहेब आनंदाने म्हणाले. "सगळं मिटलं."

"ग्रँड," काका म्हणाले.

मी येत जाईन असं म्हणायला तोंड उघडलं होतं. पण क्लेमवाल्याशी खाजगी संबंध ठेवायचा नाही, हा नियम. तो मोडला की लायसन्स गेलं. मी तोंड मिटलं. गाडीत साहेबांनी माझं अभिनंदन केलं. मला रडू आवरेना, तर त्यांना वाटलं मी थंडीने कुडकुडतेय, त्यांनी हीटर वाढवला. पुढच्या महिन्यात सही झाली. लायसन्स चालू राहायला दरवर्षी ठरलेले तास लेक्चरं ऐकावी लागतात; २०१९ मध्ये ती ऐकून मी ते टिकवलं, आणि आजही टिकवते आहे. पण त्या माणसाकडे कुणी यावं ह्याला एवढं एकच कारण उरलं होतं, आणि ते मी त्याच्याच हाताने बंद करून घेतलं.